वाचकांचे प्रश्न : कोर्टाचा कागद हवा आहे, पण सुरुवात कुठून करू?

मुंबईच्या आसपासच्या उपनगरांतून कोर्टाच्या जुन्या-नव्या कागदांविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. बहुतेकांची अडचण एकच दिसते : नक्कल अर्ज, म्हणजे कागदाची प्रत मागण्याचा अर्ज, कसा भरायचा हे विचारले जाते, पण दावा कोणत्या कोर्टात होता आणि त्याचा नंबर काय, हेच हाती नसते. त्यामुळे पहिले उत्तर मुद्दाम मोठे दिले आहे.

वडिलांनी काकांविरुद्ध जमिनीच्या वाटपाचा दावा लावला होता. साल १९९७ किंवा ९८ असावे. निकाल लागला एवढे घरात सर्वांना माहीत आहे. दोघेही आता हयात नाहीत, वकीलही नाहीत. नंबर नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकले तर काहीच येत नाही. निकालाची प्रत कशी मिळेल?
– एक वाचक, डोंबिवली

ई-कोर्ट्सवर नाव आले नाही म्हणजे दावा नव्हता, असे समजू नका. संगणकीकरणाच्या आधी निकाली निघालेल्या दाव्यांच्या नोंदी सगळीकडे चढवलेल्या नाहीत. ज्या चढवल्या आहेत त्यांत नावांचे इंग्रजी स्पेलिंग नोंद करणाऱ्याने कानाला लागेल तसे लिहिलेले असते. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाका, ‘निकाली’ हा पर्याय निवडा आणि एकेक साल बदलून पाहा. हा शोध प्रत्येक कोर्ट संकुलापुरताच चालतो. जिल्हा ठाणे निवडला तरी कल्याणचे संकुल वेगळे निवडावे लागते. दुसरे म्हणजे, दाव्याचे शीर्षक पहिल्या वादीच्या नावावर असते आणि बाकीचे ‘वगैरे’मध्ये जातात. वडिलांसोबत आत्या किंवा दुसरे काका वादी असतील तर त्यांच्या नावानेही शोधा.

तरीही सापडले नाही तर कोर्टात जाण्याआधी तलाठ्याकडे जा. वाटपाच्या दाव्यात हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे, आणि फार थोड्यांना सुचतो. सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीचे वाटप कोर्ट स्वतः सरस-निरस (जमिनीचा चांगला-वाईट दर्जा पाहून) करून देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले जाते आणि प्रत्यक्ष काम तहसील व भूमी अभिलेख कार्यालयामार्फत होते. त्यामुळे वाटप अमलात आले असेल तर फेरफार नोंदीत कोर्टाचे नाव, दावा क्रमांक आणि हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाची, तारीख लिहिलेली असते. जमिनीचा जुना सातबारा आणि १९९५ नंतरचे सगळे फेरफार काढा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात वाटपाची फाइल असेल तर तिच्यात हुकूमनाम्याची प्रतच सापडण्याची शक्यता आहे.

घरातल्या जुन्या कागदांतही नंबर दडलेला असतो : समन्सचा वरचा कोपरा, कोर्टात पैसे भरल्याची पावती, वकिलाच्या पत्रातला संदर्भ. तिथे ‘नि. दि. दा.’ किंवा ‘आर. सी. एस.’ दिसले तर तो नियमित दिवाणी दावा, म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायालय. ‘वि. दि. दा.’ किंवा ‘एस. सी. एस.’ असेल तर विशेष दिवाणी दावा, म्हणजे वरिष्ठ स्तर. ‘दरखास्त’ असेल तर तो मूळ दाव्याचा नंबर नव्हे, निकालाच्या अंमलबजावणीचा आहे. मूळ दाव्याचा नंबर दरखास्तीच्या पहिल्या पानावर मिळतो.

यातले काहीच नसेल तर कल्याण न्यायालयात शोध अर्ज द्यावा. त्यात दोन्ही बाजूंची पूर्ण नावे, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि सालांची मर्यादा लिहा. ‘१९९० ते २००५’ असे लिहिले तर सोळा वर्षांच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात आणि अर्ज पडून राहतो. ‘१९९७ ते १९९९’ लिहा. नाही सापडले तर पुढच्या तीन वर्षांचा दुसरा अर्ज द्या. नावे मराठीतच लिहा, जुन्या नोंदवह्या मराठीत आहेत. तुम्ही स्वतः पक्षकार नाही, पक्षकाराचे वारस आहात. म्हणून वडिलांचा मृत्यू दाखला आणि नाते दाखवणारा एक कागद सोबत जोडा.

नंबर मिळाल्यावर काय मागायचे हेही नीट ठरवा. वाटपाच्या दाव्यात दोन हुकूमनामे असतात. प्राथमिक हुकूमनामा कोणाचा हिस्सा किती हे सांगतो. अंतिम हुकूमनामा कोणती जमीन कोणाला गेली हे सांगतो. ‘निकालाची प्रत’ एवढेच लिहिले तर फक्त न्यायनिर्णय (कारणे सांगणारे निकालपत्र) मिळेल. न्यायनिर्णय, प्राथमिक हुकूमनामा आणि असल्यास अंतिम हुकूमनामा अशी तिन्ही नावे स्वतंत्र लिहा. कित्येक कुटुंबांत प्राथमिक हुकूमनामा झाला आणि अंतिम कधी झालाच नाही. तसे असेल तर तेही याच अर्जातून कळेल, आणि तुमच्यासाठी ती माहिती प्रतीइतकीच मोलाची आहे.

फाइल नष्ट झाली असेल का, अशी भीती अनेकांना वाटते. निकाली फाइलमधले कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागले जातात आणि प्रत्येक वर्गाची मुदत वेगळी असते. समन्स, मुदतीचे अर्ज, पोस्टाच्या पोचपावत्या आधी जातात. स्थावर मालमत्तेच्या दाव्यातला न्यायनिर्णय आणि हुकूमनामा सर्वांत जास्त जपला जातो. म्हणून ‘फाइल नष्ट’ असे तोंडी उत्तर मिळाले तर तिथेच थांबू नका. न्यायनिर्णय व हुकूमनामा वेगळे ठेवले आहेत का, हे लेखी विचारा.

नक्कल अर्ज दिला तर ‘निशाणी नंबर लिहा’ म्हणून परत आला. निशाणी म्हणजे काय आणि ती कुठे कळते?
– एक वाचक, अंबरनाथ

फाइलमध्ये दाखल होणाऱ्या कागदाला कोर्ट जो क्रमांक देते ती निशाणी. दावा स्वतः निशाणी १ असतो. अंतरिम मनाईचा अर्ज बहुतेक ठिकाणी निशाणी ५ असतो, म्हणून वकील नुसते ‘निशाणी पाचवरचा आदेश’ असे बोलतात. कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), साक्षीदाराचे सरतपासणीचे शपथपत्र, उलटतपासणी, नकाशा, खरेदीखत, प्रत्येकाची निशाणी वेगळी असते. नक्कल विभागातला कर्मचारी फाइल वाचून तुमच्यासाठी कागद निवडत नाही, क्रमांकावरून काढतो. ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिलेला अर्ज म्हणूनच परत येतो. चुकून स्वीकारला गेलाच तर शेकडो पानांचा खर्च अंगावर पडतो.

निशाणी कळण्याचे दोन मार्ग आहेत. आधी रोजनाम्याची नक्कल मागा. कोणत्या तारखेला कोणी काय दाखल केले आणि त्याला कोणती निशाणी पडली हे रोजनाम्यात ओळीने असते, आणि पानेही थोडी असतात. दुसरा मार्ग फाइल पाहण्याच्या परवानगीचा. पक्षकार किंवा त्याचा वकील त्यासाठी अर्ज करू शकतो. फाइल पाहताना फोटो काढू नका, पेनाने खूण करू नका. कागदावर निशाणी, तारीख आणि अंदाजे पाने उतरवून घ्या. फाइलच्या सुरुवातीला सूची असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

अर्जात इतके असायलाच हवे : न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व साल, दोन्ही पक्षांची नावे, प्रकरण चालू असेल तर पुढची तारीख आणि निकाली असेल तर निकालाची तारीख, हव्या असलेल्या कागदांची निशाणीसह यादी, किती प्रती, साधी की तातडीची, तुम्ही पक्षकार, वकील की त्रयस्थ, पत्ता, मोबाइल, सही. कोर्ट फी स्टँप किती रुपयांचा आणि दर पानाला किती, हे नक्कल विभागाबाहेरच्या फलकावर पाहून घ्या. दर बदलतात, ओळखीच्या माणसाने सांगितलेला आकडा धरून जाऊ नका. नोंदणी क्रमांक आणि दाखल क्रमांक यांची गल्लत होऊ देऊ नका. दावा दाखल करताना मिळतो तो दाखल क्रमांक, तपासणीनंतर पडतो तो नोंदणी क्रमांक, आणि दोन्हींमागे साल सारखेच असल्याने फरक लक्षात येत नाही. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक माहीत असेल तर अर्जाच्या वर तोच लिहा. तो देशात एकाच प्रकरणाचा असतो आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेले तरी बदलत नाही.

अर्ज दिल्यावर उशीर होतो त्याची कारणे बहुधा चारच असतात. फाइल त्या दिवशी न्यायाधीशांपुढे कामाला लागलेली असते. निकालपत्रावर सही व्हायची असते. भरलेली रक्कम पानांच्या मानाने कमी पडते आणि फरक भरा असा शेरा पडतो, पण अर्जदार विचारायलाच जात नाही. चौथे कारण सर्वांत त्रासदायक : अपील झालेले असते आणि फाइल वरच्या कोर्टात गेलेली असते. वकिलांच्या भाषेत ‘आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग्ज) वर गेलेत’. मग ती कल्याणच्या जिल्हा न्यायाधीशांकडे, ठाण्यात किंवा मुंबई उच्च न्यायालयात, जिथे असेल तिथेच नक्कल मागावी लागते. म्हणून अर्ज देण्याआधी ई-कोर्ट्सवर अपील दिसते का ते पाहा, आणि अर्ज दिल्यावर आठवड्याने एकदा तरी चौकशी करा. पोर्टल हाताळता येत नसेल तर संकुलात ई-सेवा केंद्र असल्यास तिथे प्रकरणाची स्थिती काढून देतात.

ई-कोर्ट्सवरून निकाल डाउनलोड केला. तोच बँकेला दिला तर चालेल का?
– एक वाचक, मीरा रोड

माहितीसाठी चालेल, पुरावा म्हणून नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ७५ खाली (पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ७६) अधिकाऱ्याची सही, तारीख आणि शिक्का असलेली प्रतच प्रमाणित नक्कल ठरते. डाउनलोड केलेली प्रत मात्र टाकून देऊ नका. नक्कल अर्जासाठी लागणारा क्रमांक, तारीख, पाने सगळे तिच्यात आहे.

कनिष्ठ स्तर न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. नक्कल मिळायला वेळ लागला. अपिलाची मुदत निकालापासून मोजायची की नक्कल हाती आल्यापासून?
– एक वाचक, बदलापूर

दोन्हीपासून नाही. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस आहेत. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवायला आवश्यक असलेला काळ वगळतात. ‘आवश्यक’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे.

समजा निकाल ३ जूनला लागला. नक्कल अर्ज १० जूनला दिला. नक्कल २४ जूनला तयार झाली. तुम्ही ती ८ जुलैला आणली. निकालाचा दिवस सोडून ३० दिवस ३ जुलैला संपतात. १० ते २४ जून हे १५ दिवस वगळले जातात, म्हणून शेवटची तारीख १८ जुलै. २५ जून ते ८ जुलै नक्कल तयार असून पडून होती, ते दिवस तुमच्या खात्यावर पडतात. निकालानंतर अर्ज द्यायला लावलेले पहिले दिवसही वगळले जात नाहीत. नकलेच्या शेवटच्या पानावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा लिहिलेल्या असतात. नक्कल हातात पडताच त्या तपासा. एखादी चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, पुढे अपिलात ती सिद्ध करत बसणे फार अवघड जाते. निकाल लागला त्याच दिवशी अर्ज द्यावा, हा आमचा आग्रह आहे.

आम्ही खारघरला राहतो. पोलीस ठाणे नवी मुंबई आयुक्तालयाखाली, म्हणून बेलापूर कोर्टात गेलो, तर ‘इथे नाही’ म्हणाले. फिर्याद आमचीच आहे. एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत हवी आहे.
– एक वाचक, खारघर

आयुक्तालयाची हद्द आणि न्यायिक जिल्ह्याची हद्द एक नसते. बेलापूरचे न्यायालय ठाणे जिल्ह्याचे आहे. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, तेव्हा पनवेल न्यायालयात चौकशी करा. सत्र खटले आणि जिल्हा पातळीवरच्या कामांत अलिबागचे प्रधान जिल्हा न्यायालयही लक्षात ठेवा.

फिर्यादीला एफआयआरची प्रत पोलीस ठाण्यातून मोफत मिळते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर चढवायचा असतो, म्हणून राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरही पाहा. दोषारोपपत्राचे मात्र तसे नाही. २० जानेवारी २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्रे सरसकट संकेतस्थळावर टाकण्याची मागणी फेटाळली. आरोपीला, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही, त्याचा संच मोफत मिळतो, इतरांना न्यायालयात अर्ज करून नक्कल मागावी लागते. ई-कोर्ट्सवर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि साल टाकून शोधता येते. गुन्हा क्रमांक आणि खटला क्रमांक वेगळे असतात, अर्जात दोन्ही लिहा.

बोरिवलीत जुन्या इमारतीत फ्लॅट घेत आहोत. इमारतीवर किंवा विकणाऱ्यावर कोर्टात काही चालू आहे का, हे स्वतः कसे तपासू?
– एक वाचक, कांदिवली

मुंबई उपनगरात हा शोध एका ठिकाणी संपत नाही, कारण भांडणाच्या प्रकाराप्रमाणे कोर्ट बदलते. मालकी, करार आणि मनाईचे दावे नगर दिवाणी न्यायालयात, ते फोर्ट, माझगाव आणि दिंडोशी इथे आहे. त्याच्या मर्यादेवरच्या रकमेचे दावे थेट उच्च न्यायालयात. भाडेकरू, पागडी, लिव्ह अँड लायसन्सचे वाद लघुवाद न्यायालयात, त्याची शाखा वांद्र्याला आहे. सोसायटी आणि सभासद यांच्यातले महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ चे वाद सहकार न्यायालयात. सोसायटीच्या थकबाकीची वसुली उपनिबंधकांकडे. बँकेचे मोठे कर्ज थकले असेल तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात. ग्राहक आयोगाची प्रकरणे ई-कोर्ट्सवर नसतात, त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. पुनर्विकास चालू असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाच्या) प्रकल्प पानावर विकासकाने दिलेली दाव्यांची माहिती आधी वाचा.

शोधायची नावे चार : विकणारा, त्याच्या आधीचा मालक, सोसायटी आणि विकासक. सोसायटीचे नाव कुणी ‘को-ऑप’, कुणी ‘को-ऑपरेटिव्ह’, कुणी ‘सीएचएस’ लिहिते. म्हणून फक्त मूळ नाव टाका. विकासकाच्या बाबतीत कंपनीचे नाव पुरत नाही, भागीदारी संस्थेचे आणि जमीनमालकाचे नावही टाका.

एक अडचण मुंबईपुरती आहे. नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०१२ मध्ये एक कोटीपर्यंत आणि २०२४ मध्ये दहा कोटींपर्यंत वाढली आणि उच्च न्यायालयातले त्या रकमेपर्यंतचे दावे तिकडे वर्ग झाले. जुन्या कागदांवर उच्च न्यायालयाचा सूट नंबर दिसला आणि तो तिथे सापडला नाही, तर पक्षकाराच्या नावाने नगर दिवाणी न्यायालयात शोधा. ‘दावा संपला’ असे विकणारा सांगत असेल तर त्याच्याकडून निकालाची प्रमाणित नक्कल मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

शेवटी इंडेक्स दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची सूची. बृहन्मुंबईत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ ची मुंबई दुरुस्ती लागू आहे. प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली असेल तर ती घेणाऱ्याला बांधते. म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये ‘लिस पेंडन्स’ची (प्रलंबित दाव्याच्या नोटिशीची) नोंद आहे का ते पाहा. मात्र हाच शोध ठाणे किंवा पनवेलच्या फ्लॅटसाठी पुरेसा धरू नका. तिथे नोंद नसली तरी दावा तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो, त्यामुळे कोर्टाचा शोध टाळता येत नाही.

माहिती अधिकारात अर्ज केला तर लवकर मिळणार नाही का?
– एक वाचक, ठाणे

न्यायालयीन फाइलमधल्या कागदांसाठी नाही. ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालयाच्या नियमांत नक्कल देण्याची तरतूद असताना त्याच मार्गाने जावे. तुम्ही त्रयस्थ असाल तर नक्कल अर्जात कारण लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा आणि न्यायाधीशांच्या आदेशासाठी थांबा. ‘माहितीसाठी’ हे कारण पुरत नाही. ‘सदर गटातील जमीन खरेदी करीत असून हक्क तपासण्यासाठी’ असे नेमके लिहा. दुसऱ्याने हजर केलेले खासगी दस्तऐवज त्रयस्थाला सहज मिळत नाहीत, न्यायनिर्णय आणि आदेश त्या मानाने सोपे. लैंगिक अत्याचाराच्या किंवा बालकांच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे आणि तिथे ती कडक असणेच योग्य आहे.

मुलगी न्यू जर्सीत आहे. तिचा घटस्फोट वसईच्या न्यायालयात २०११ मध्ये झाला. तिकडे पुन्हा लग्न नोंदवण्यासाठी हुकूमनामा मागतात. ती येऊ शकत नाही.
– एक वाचक, विरार

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोट देताना न्यायालय दोघांना हुकूमनाम्याची एक प्रत मोफत देते. आधी घरात ती शोधा. नसेल तर नव्याने नक्कल अर्ज करावा लागेल. मुलीने वकीलपत्रावर सही करून ते कुरियरने पाठवले तर वकील अर्ज करू शकतो. तुम्ही स्वतः करणार असाल तर तिचे मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मागवा, आणि ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मुदत गेली तर दंड पडतो.

२०११ मध्ये वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ई-कोर्ट्सवर ठाणे आणि पालघर, दोन्हींखाली शोधा. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, दोन्हींच्या दोन-दोन प्रती मागा, कारण एक संच अपोस्टिलसाठी (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणाऱ्या प्रमाणीकरणासाठी) जाईल आणि काही ठिकाणी तो ठेवून घेतात. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयाचे, पण त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण लागते. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर तिकडच्या कार्यालयाला कोणाकडून केलेले चालते, हे मुलीने आधी विचारून घ्यावे. नकलेवरचा शिक्का आणि अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट वाचता येते ना, हे खिडकीवरून निघण्याआधी पाहा. पुसट शिक्क्यामुळे पुढे प्रमाणीकरण अडते आणि पुन्हा वसईची फेरी पडते.